बूटेबल मेमरी कार्ड कमांड लाइनवरून: पार्टिशन, फॉरमॅट आणि बोर्ड सुरू होईपर्यंत

द्राक्षवेल

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात आमची थॉमसन द्राक्षांची बाग आहे. बागेत रास्पबेरी पाय ३बी वर (एका बोर्डावरचा छोटा संगणक) चालणारं छोटं हवामान केंद्र बसवलंय. तापमान, आर्द्रता आणि पान किती वेळ ओलं राहिलं याची नोंद होते. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी या बुरशीजन्य रोगाचा फवारा कधी घ्यायचा हे आम्ही बरंचसं या आकड्यांवर ठरवतो, त्यामुळे हे यंत्र आमच्यासाठी हौस नाही.

अडचण अशी. ज्या मुलाने प्रोग्रॅम लिहिला तो आता नोकरीसाठी बाहेर आहे आणि प्रोग्रॅम फक्त त्या ८ जीबीच्या मेमरी कार्डावर आहे. हल्ली ते कार्ड अधूनमधून रीड-ओन्ली होतं. रीस्टार्ट केलं की चालतं, पण नोंदी तुटतात. नवीन ३२ जीबी कार्ड आणलंय. ओळखीच्या एकाने ते विंडोजवर एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून दिलं आणि जुन्यातल्या दिसतील त्या फाइल त्यात टाकल्या. पायमध्ये लावलं तर लाल दिवा लागतो, हिरवा एकदाही लुकलुकत नाही.

माझ्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट आहे. छाटणी तोंडावर आली आहे. कमांड लाइनवरून हे पहिल्यापासून नीट कसं करायचं ते कोणी पायरीपायरीने सांगेल का?

सातपूरकर

नमस्कार. हे काम लॅपटॉपवर निवांत होईल, काळजी करू नका. जुन्या कार्डावर काही लिहू नका आणि ते पायमध्येही पुन्हा लावू नका. आजारी कार्ड प्रत्येक वेळी सुरू होईलच असं नाही.

कार्ड बूटेबल होण्यात तीन वेगवेगळी कामं असतात. पहिलं पार्टिशन टेबल: कार्डाच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये शेवटाकडे ६४ बाइटची जागा असते, तिथे चार पार्टिशनांची नोंद मावते. दुसरं फाइल सिस्टम: प्रत्येक पार्टिशनच्या आत फॅट३२ किंवा ईएक्सटी४ ची मांडणी. तिसरं म्हणजे बोर्ड सुरू होताना ज्या जागी बघतो, नेमकी त्याच जागी त्याला हवी ती फाइल. सातबाऱ्यावर गट पाडले म्हणून शेतात पीक उभं राहत नाही, तसंच फॉरमॅट झालं म्हणून कार्ड बूट होत नाही.

तुमचा पाय ३बी चालू झाला की त्याच्या चिपमधला पक्का कोड कार्डावरचं फॅट पार्टिशन शोधतो आणि त्यातली बूटकोड.बिन ही फाइल उचलतो. मग स्टार्ट.ईएलएफ, कॉन्फिग.टीएक्सटी, कर्नल (लिनक्सचा गाभा), असा क्रम. एक्सफॅट त्या कोडला वाचताच येत नाही. म्हणून हिरवा दिवा गप्प. शिवाय विंडोजला जुन्या कार्डाचं ईएक्सटी४ पार्टिशन दिसलंच नसणार, म्हणजे तुमचा प्रोग्रॅम नव्या कार्डावर आलेलाच नाही.

आधी जुन्या कार्डाची प्रतिमा काढा, म्हणजे अख्ख्या कार्डाची हुबेहूब नक्कल एका फाइलीत. पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू, कमांडचं नाव डीडीरेस्क्यू. मी फोनवरून लिहितोय, म्हणून कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतो. टाइप करताना रोमन अक्षरं, आणि वेगळं सांगितलं नसेल तिथे सगळी स्मॉल.

सुडो डीडीरेस्क्यू -डी /डेव्ह/एसडीबी जुने.आयएमजी जुने.मॅप

डीडी या साध्या नक्कल करणाऱ्या कमांडपेक्षा हे बरं, कारण वाचता न येणारा भाग ते बाजूला ठेवतं, चांगला भाग आधी उचलतं आणि मग अडलेल्या ठिकाणी परत जातं. मॅप फाइल जपून ठेवा. मध्येच वीज गेली तरी तीच कमांड पुन्हा दिली की पुढून सुरू होतं. लॅपटॉपवर ८ जीबी जागा मोकळी हवी.

पण एसडीबी हे माझं उदाहरण आहे. तुमच्याकडे काय दिसतं ते आधी इथे टाका:

एलएसबीएलके -ओ नेम,साइज,मॉडेल,ट्रान,माउंटपॉइंट

कॅनडा_कॉर्नर

एक शंका. प्रतिमा हातात आली की तीच जशीच्या तशी नव्या कार्डावर डीडीने का उतरवू नये? नंतर दुसरं पार्टिशन वाढवायचं आणि फाइल सिस्टम तेवढी मोठी करायला रीसाइज२एफएस चालवायचं. हाताने पार्टिशन पाडण्याची गरजच राहत नाही.

सातपूरकर

जुनं कार्ड धडधाकट असतं तर मीही तेच सुचवलं असतं, आणि ते वेळही वाचवतं. इथे फाइल सिस्टम वारंवार रीड-ओन्ली होतेय, म्हणजे कर्नलला ईएक्सटी४ मध्ये चुका सापडताहेत. प्रतिमा उतरवली की त्या चुकाही नव्या कार्डावर जातात. ताज्या ईएक्सटी४ मध्ये फाइल एकेक करून नेल्या की कोणती फाइल वाचता आली नाही हे स्पष्ट कळतं. शिवाय जुन्या रास्पबियनमध्ये (पायचं लिनक्स) बूट पार्टिशन फारच लहान असे. ते वाढवायचं तर दुसरं पार्टिशन सरकवावं लागतं, आणि तो उद्योग सगळ्यात त्रासदायक.

द्राक्षवेल

धन्यवाद सातपूरकर. आउटपुट असं आलंय:

एसडीए ४६५.८जी, ट्रान साटा
एसडीए१ ५१२एम, /बूट/ईएफआय
एसडीए२ ४६५.३जी, /
एसडीबी २९.७जी, ट्रान यूएसबी
एसडीबी१ २९.७जी, /मीडिया च्या खाली काहीतरी

हे नवीन कार्ड यूएसबी रीडरमध्ये असतानाचं आहे. ३२ चं कार्ड आणि २९.७ का दिसतंय? जुन्याची प्रतिमा कालच काढून झाली, शेवटाकडे थोडा भाग वाचता आला नाही असं म्हणाला.

सातपूरकर

२९.७ बरोबर आहे. पाकिटावरचा जीबी १०० कोटी बाइटचा, लिनक्सचा जी १०२४ च्या घाताने मोजलेला.

तुमच्याकडे नवीन कार्ड म्हणजे एसडीबी. ट्रानखाली यूएसबी आणि आकार २९.७, या दोन्ही गोष्टी जुळल्या तरच पुढे जायचं. साटा लिहिलेला एसडीए ही तुमची हार्ड डिस्क, तिला हात लावायचा नाही. कार्ड काढून परत घातलं तर अक्षर बदलू शकतं, म्हणून प्रत्येक वेळी एलएसबीएलके. ज्यांच्या लॅपटॉपला अंगचा कार्ड स्लॉट आहे त्यांना बहुधा एमएमसीबीएलके० असं नाव दिसेल आणि त्याचं पहिलं पार्टिशन एमएमसीबीएलके०पी१, मधला पी विसरू नये.

आता माउंट काढा, म्हणजे लिनक्सने वापरासाठी जोडलेलं पार्टिशन सोडवा. फाइल मॅनेजरमधलं इजेक्ट नको, त्याने काही रीडर कार्डच दिसेनासं करतात:

सुडो यूमाउंट /डेव्ह/एसडीबी१

मग जुन्या खुणा पुसा:

सुडो वाइपएफएस -ए /डेव्ह/एसडीबी१
सुडो वाइपएफएस -ए /डेव्ह/एसडीबी

इथून पार्टिशनचं काम:

सुडो एफडिस्क /डेव्ह/एसडीबी

आत गेल्यावर एकेक अक्षर दाबायचं. ओ म्हणजे नवीन डॉस पद्धतीचं टेबल. मग एन, पी, १. पहिला सेक्टर विचारला की २०४८ सुचवेल, तिथे ८१९२ टाइप करा. शेवटच्या सेक्टरला +५१२एम, यातला एम कॅपिटल. मग टी दाबून प्रकार सी द्या, म्हणजे फॅट३२ एलबीए.

८१९२ का? ८१९२ गुणिले ५१२ बाइट म्हणजे बरोबर ४ एमआयबी (१०२४ च्या घाताने मोजलेला एमबी). फ्लॅश मेमरी आत मोठमोठ्या ठोकळ्यांनी पुसली जाते. पार्टिशन ठोकळ्याच्या मध्येच सुरू झालं तर एका लिखाणासाठी दोन ठोकळे हलवावे लागतात, वेगही जातो आणि आयुष्यही. रास्पबेरी पायच्या बऱ्याच अधिकृत प्रतिमाही ८१९२ पासूनच सुरू होत आल्या आहेत.

दुसरं पार्टिशन: एन, पी, २. इथे फार सांभाळा. पहिल्या पार्टिशनच्या आधी जी मोकळी जागा आपण सोडली, ती एफडिस्कला रिकामी दिसते, म्हणून पहिला सेक्टर तो पुन्हा २०४८ सुचवतो. नुसतं एंटर दाबलं तर तुमचं मुख्य पार्टिशन त्या ३ एमआयबीच्या फटीत जाऊन बसेल. हाताने १०५६७६८ टाका (८१९२ मध्ये ५१२ एमआयबीचे १०४८५७६ सेक्टर मिळवले की हाच आकडा येतो). शेवटच्या सेक्टरला एंटर, म्हणजे कार्डाच्या टोकापर्यंत. प्रकार आपोआप ८३, लिनक्स.

आता पी दाबून टेबल वाचा. दोन ओळी, पहिली ५१२एम, दुसरी २९जीच्या आसपास. पटलं तर डब्ल्यू. डब्ल्यू दाबेपर्यंत कार्डावर काहीच लिहिलं जात नाही, गडबड वाटली तर क्यू दाबून बाहेर या. कमांड लाइन मला याच कारणाने आवडते: काय होणार आहे ते आधी वाचायला मिळतं.

फॉरमॅट:

सुडो एमकेएफएस.व्हीफॅट -एफ ३२ -एन बूट /डेव्ह/एसडीबी१
सुडो एमकेएफएस.ईएक्सटी४ -एल रूटएफएस -एम १ /डेव्ह/एसडीबी२

पहिल्या ओळीतल्या -एफ चा एफ कॅपिटल, दुसऱ्यातल्या -एल चा एल कॅपिटल, -एन आणि -एम स्मॉल. एम १ अशासाठी, की ईएक्सटी४ एरवी ५ टक्के जागा रूट वापरकर्त्यासाठी (सिस्टमचा मुख्य प्रशासक) राखून ठेवतं. तुमच्या कार्डावर ती जवळजवळ दीड जीबी होते. आपल्याला १ टक्का पुरे.

अभियंती

वाचतेय, खूप उपयोगी धागा. माझ्याकडे फक्त विंडोज आहे आणि कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी असंच कार्ड करायचंय. तिथे एफडिस्कच्या जागी काय?

कॅनडा_कॉर्नर

डिस्कपार्ट. टर्मिनल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि डिस्कपार्ट लिहा. मग क्रमाने: लिस्ट डिस्क. आकार बघून सिलेक्ट डिस्क २ (तुमचा जो क्रमांक असेल तो). डिटेल डिस्क लिहून नाव पडताळा. क्लीन. कन्व्हर्ट एमबीआर. क्रिएट पार्टिशन प्रायमरी साइज=५१२. फॉरमॅट एफएस=फॅट३२ क्विक. असाइन.

एक लक्षात असू द्या ताई, एफडिस्क डब्ल्यूपर्यंत थांबतं, पण डिस्कपार्टचं क्लीन काहीही न विचारता तत्काळ टेबल पुसतं. आणि ईएक्सटी४ पार्टिशन विंडोज स्वतः बनवत नाही. तुम्हाला नवीन सिस्टमच टाकायची असेल, जुनी हलवायची नसेल, तर रास्पबेरी पाय इमेजर वापरा, तो ही सगळी कामं स्वतः करतो. दोन पार्टिशनं हातानेच पाडायची असतील तर पेन ड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स चालवणं सोपं.

पंचवटी_बोर्ड

सातपूरकरांनी सांगितलेल्या तिसऱ्या कामाबद्दल भर घालतो, कारण इथे बरेच जण पाय सोडून इतर बोर्डही वापरतात आणि पायची पद्धत तिथे चालत नाही.

बीगलबोन ब्लॅकमध्ये एएम३३५एक्स चिप आहे. तिचा रॉम (चिपमधला पक्का कोड) फॅट पार्टिशनमध्ये एमएलओ नावाची फाइल शोधतो आणि त्या पार्टिशनला बूटेबल झेंडा लागतोच. एफडिस्कमध्ये ए दाबून पार्टिशन १ ला लावायचा. पायला या झेंड्याचं काही देणंघेणं नाही, असला तरी चालतो, नसला तरी चालतो. बीगलबोनवर एस२ बटण दाबून धरून वीज द्यावी लागते, नाहीतर तो बोर्डावरच्याच मेमरीवरून (ईएमएमसी) उठतो आणि माणूस कार्डाला दोष देत बसतो.

ऑलविनर चिपचे बोर्ड तर फाइल सिस्टम बघतच नाहीत. त्यांना बूटलोडर (कर्नल सुरू करून देणारा प्रोग्रॅम, इथे यू-बूट नावाचा) कार्डाच्या सुरुवातीपासून ८ केबीवर कच्चा लिहिलेला लागतो:

सुडो डीडी आयएफ=यू-बूट-सनएक्सआय-विथ-एसपीएल.बिन ओएफ=/डेव्ह/एसडीबी बीएस=१०२४ सीक=८

पार्टिशनच्या आधी रिकामी जागा सोडण्याचं हेही एक कारण. आणि म्हणूनच त्या कार्डांवर जीपीटी हे नव्या पद्धतीचं पार्टिशन टेबल अडचणीचं ठरतं: जीपीटीच्या नोंदी सेक्टर २ ते ३३ मध्ये असतात आणि ८ केबी म्हणजे सेक्टर १६, थेट त्यांच्या अंगावर. रॉकचिपचे बोर्ड सेक्टर ६४ वर बघतात, तिथे जीपीटी सुखाने नांदतं.

आणखी एक, जुन्या यू-बूटवाल्यांसाठी. आजच्या एमकेएफएसने बनवलेलं ईएक्सटी४ जुन्या यू-बूटला वाचता येत नाही. कार्ड लॅपटॉपवर उत्तम दिसतं, बोर्डावर कर्नल सापडत नाही. तिथे फॉरमॅट करतानाच -ओ (कॅपिटल) ^मेटाडेटा_सीसम,^६४बिट असं देऊन त्या दोन सोयी बंद करा.

द्राक्षवेल

पार्टिशन आणि फॉरमॅट दोन्ही झालं. दुसऱ्या पार्टिशनला खरंच २०४८ सुचवलं, आकडा हाताने टाकला. आता जुन्या प्रतिमेतून फाइल कशा न्यायच्या? तिच्यावर डबल क्लिक केलं तर काही भाग उघडतो, काही नाही.

सातपूरकर

प्रतिमेची एक प्रत करा आणि प्रतीवरच काम करा.

सीपी जुने.आयएमजी प्रत.आयएमजी
सुडो लोसेटअप -एफ -पी --शो प्रत.आयएमजी

यात पी कॅपिटल. उत्तरात /डेव्ह/लूप० सारखं नाव येईल, म्हणजे अख्खी प्रतिमा आता डिस्कसारखी दिसतेय. दुसऱ्या पार्टिशनची दुरुस्ती:

सुडो ई२एफएससीके -एफ /डेव्ह/लूप०पी२

मग ते /एमएनटी/जुने वर, नवीन एसडीबी२ /एमएनटी/नवे वर माउंट करा (दोन्ही फोल्डर आधी एमकेडीआयआरने बनवा), आणि

सुडो आरसिंक -एएचएएक्स --न्यूमेरिक-आयडीज /एमएनटी/जुने/ /एमएनटी/नवे/

इथे पहिला ए स्मॉल, त्यापुढचे एच, ए, एक्स तिन्ही कॅपिटल. जुनेच्या शेवटचा तिरका दंड ठेवाच, नाहीतर जुने नावाचं फोल्डरच आत जाऊन बसेल. न्यूमेरिक-आयडीजमुळे फाइलींची मालकी नावांऐवजी क्रमांकांनुसार जशीच्या तशी जाते. त्यानंतर पहिल्या पार्टिशनच्या फाइल साध्या सीपी -आर ने एसडीबी१ वर. शेवटी दोन्ही यूमाउंट आणि सिंक. सिंक संपून प्रॉम्प्ट परत येईपर्यंत कार्ड ओढायचं नाही. आरसिंक संपलं असं दिसतं तेव्हाही बराच मजकूर रॅममध्येच असतो.

द्राक्षवेल

झालं. हिरवा दिवा लुकलुकला, इंद्रधनुषी चौकोन आला, कर्नलच्या ओळी धावल्या, आणि मग इथे थांबलंय: "वेटिंग फॉर रूट डिव्हाइस पार्टयूयूआयडी=", पुढे आठ अक्षरं आणि -०२.

सातपूरकर

छान, म्हणजे फॅट पार्टिशन, बूटकोड आणि कर्नल तिन्ही ठीक. उरलंय ते एवढंच: एफडिस्कमध्ये ओ दाबलं तेव्हा कार्डाला नवीन ओळख क्रमांक मिळाला. कर्नल मात्र जुन्या कार्डाचा क्रमांक शोधतोय, कारण तो सीएमडीलाइन.टीएक्सटी मध्ये लिहिलेला आहे.

कार्ड लॅपटॉपला लावा, सुडो बीएलकेआयडी चालवा. एसडीबी२ पुढे पार्टयूयूआयडी दिसेल. तो बूट पार्टिशनमधल्या सीएमडीलाइन.टीएक्सटी मध्ये रूट= च्या पुढे घाला. ती फाइल एकाच ओळीत राहिली पाहिजे. मध्ये एंटर पडलं तर पुढचा भाग वाचला जात नाही. मग रूटएफएसमधल्या ईटीसी/एफएसटॅब मध्ये (सुरू होताना कोणती पार्टिशनं जोडायची त्याची यादी) -०१ आणि -०२ अशा दोन ओळी आहेत, त्याही बदला. एफएसटॅब राहिली तर कर्नल उठेल, पण सिस्टम इमर्जन्सी मोडमध्ये अडकेल, आणि बागेत स्क्रीन नसताना ते कळणारही नाही.

पंचवटी_बोर्ड

दुसरा मार्गही आहे. फाइलींना हात न लावता नव्या कार्डालाच जुना क्रमांक द्यायचा: एफडिस्कमध्ये एक्स, मग आय, ०एक्स लावून जुनी आठ अक्षरं, आर, डब्ल्यू. फक्त मग दोन्ही कार्डं एकाच वेळी एका यंत्राला लावायची नाहीत, कोणतं कोण ते लिनक्सला ओळखता येणार नाही.

कॅनडा_कॉर्नर

द्राक्षवेल, बागेत लावण्याआधी कार्ड अस्सल आहे का तेही तपासा. बनावट कार्डाचा कंट्रोलर ३२ जीबी म्हणून सांगतो आणि आत मेमरी कमी असते. पार्टिशन, फॉरमॅट सगळं बिनबोभाट होतं, कारण फॉरमॅट मोजक्याच जागी लिहितं. खरी हद्द ओलांडली की लिहिलेलं हरवतं, आणि ते महिन्यांनी, नोंदी भरत गेल्यावर कळतं. एफ३ नावाचं पॅकेज आहे. नवं कोरं कार्ड असेल तर एफ३प्रोब --डिस्ट्रक्टिव्ह लगेच सांगतं. तुमच्या कार्डावर आता माल आहे, तेव्हा रूटएफएस माउंट करून एफ३राइट आणि मग एफ३रीड चालवा. ते मोकळी जागा फाइलींनी भरून परत वाचून बघतं. त्या फाइली नंतर पुसून टाका.

द्राक्षवेल

सीएमडीलाइन आणि एफएसटॅब दोन्ही बदलल्या आणि केंद्र सुरू झालं! मागच्या हंगामाच्या नोंदींसकट सगळं आहे. वाचता न आलेला भाग एका जुन्या लॉग फाइलचा निघाला, प्रोग्रॅमला धक्का नाही. एफ३रीडमध्ये हरवलेलं शून्य आलं. प्रोग्रॅमची प्रत आता लॅपटॉपवर आणि त्या मुलाकडेही पाठवली आहे. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, घरच्यांनीही सांगायला सांगितलंय.

शेवटचं विचारतो. असंच आणखी एक कार्ड स्पेअर म्हणून करायचं तर एफडिस्कची सगळी अक्षरं परत दाबायची का?

सातपूरकर

वा, छाटणीच्या आधी झालं हे फार बरं झालं.

नाही, परत दाबायची गरज नाही. चांगल्या कार्डाचा आराखडा फाइलीत उतरवून घ्या:

सुडो एसएफडिस्क -डी /डेव्ह/एसडीबी > आराखडा.टीएक्सटी

ती फाइल उघडून बघा, साधा मजकूर आहे: सुरुवात ८१९२, आकार १०४८५७६, प्रकार सी, सगळं वाचता येतं. दुसरं कार्ड घालून, एलएसबीएलके बघून, आणि त्याचं माउंट काढून:

सुडो एसएफडिस्क /डेव्ह/एसडीबी < आराखडा.टीएक्सटी

दुसरं कार्ड थोडं लहान निघालं तर शेवटच्या ओळीतला साइजचा भाग काढून टाका, मग ते उरलेली सगळी जागा घेतं. त्यातल्या लेबल-आयडीच्या ओळीमुळे ओळख क्रमांकही तोच राहतो, म्हणजे यावेळी सीएमडीलाइन आणि एफएसटॅबला हात लावावा लागणार नाही. पंचवटी_बोर्ड म्हणाले ते मात्र पाळा, दोन्ही कार्डं एकत्र लावू नका. पुढे फॉरमॅट आणि आरसिंक आधीसारखंच. यावेळी फाइल नव्या, चालत्या कार्डाची प्रतिमा काढून तिच्यातूनच घ्या, जुन्या आजारी कार्डाच्या प्रतिमेतून नको. स्पेअर तयार झालं की पायमध्ये घालून एकदा पूर्ण बूट करा, सेन्सरची एक नोंद पडलेली बघा आणि मगच ते बाजूला ठेवा.